भरतीची वेळ आणि बांधावरचा कोल्हा: गोराईतील एका वाडीचे प्रकरण

गोराई मुंबई महापालिकेच्या हद्दीत असली, तरी बोरिवलीहून तेथे जायला अजूनही होडीने खाडी ओलांडावी लागते, नाहीतर भाईंदर-उत्तनचा लांबचा वळसा घ्यावा लागतो. या प्रकरणातील वाडी गावाच्या खाडीकडच्या अंगाला आहे. कुटुंबाच्या इच्छेनुसार त्यांचे नाव आणि वाडीचा नेमका ठावठिकाणा येथे दिलेला नाही. तो का दिलेला नाही, हेही या प्रकरणातच पुढे येईल.

जमीन सुमारे अडीच एकर आहे. घराला लागून माड, चिकूची जुनी झाडे आणि कोंबड्यांचे खुराडे; त्यापुढे पालक, मुळा, माठ आणि वांग्यांचे वाफे; आणि शेवटी, पूर्वेला, पावसाळ्यात भाताखाली असणारा सखल तुकडा. हा तुकडा आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध आहे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून तो घातलेला असून पावसाचे साचलेले पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडण्यासाठी त्यात एक उघाडी ठेवली आहे. बांधापलीकडे तिवरांचे रान सुरू होते. घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा (ज्यांना मी दादा म्हणतो), वहिनी आणि महाविद्यालयात शिकणारा नातू अशी चार माणसे राहतात.

दिवाळीच्या सुमारास मला तेथे बोलावले गेले ते कोंबड्यांमुळे. दीड महिन्यात सात तलंगा नाहीशा झाल्या होत्या. दादांचे म्हणणे स्पष्ट होते: कोल्हाच नेतो, फोटो मिळाला म्हणजे वनखात्याकडे अर्ज करायला काही आधार तरी होईल. नातवाला मोबाइलवर दाखवण्याजोगे काही हवे होते. मला, खरे सांगायचे तर, एक विशिष्ट चित्र हवे होते: पुढे चिखलात उभा कोल्हा आणि मागे खाडीपलीकडे बोरिवलीच्या इमारतींचे दिवे. मुंबईतील वन्यजीव म्हटले की सर्वांचे लक्ष संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यांकडे जाते. गोराई-मनोरीपासून विक्रोळी-भांडुप आणि चेंबूर-ट्रॉम्बेपर्यंत खाडीकाठाच्या तिवरांत राहणारा सोनेरी कोल्हा शेजारी असूनही फारसा कोणाला ठाऊक नसतो. तिघांच्या या तीन गरजा वेगवेगळ्या होत्या आणि त्या आधी एकमेकांसमोर मांडल्या गेल्या नाहीत, येथेच प्रकरणाची पहिली चूक झाली असे मला आता वाटते.

पहिले नऊ दिवस

भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी, म्हणजे कार्तिक शुद्ध चतुर्थीला, मी दोन कॅमेरा ट्रॅप लावले. या उपकरणात माणूस लागत नाही. समोरच्या पट्ट्यातील उष्णतेत हालचालीमुळे फरक पडला की त्याचा संवेदक जागा होतो आणि कॅमेरा चित्र घेतो. रात्री अवरक्त दिव्याच्या प्रकाशात ते कृष्णधवल येते. यातून दोन अडचणी ओघाने येतात. भर दुपारी तापलेली जमीन आणि प्राण्याचे अंग यांच्या तापमानात फारसे अंतर उरत नाही, त्यामुळे समोरून गेलेला प्राणीही कधीकधी सुटतो. आणि उन्हात तापलेले केळीचे पान वाऱ्याने हलले, तर कॅमेरा इमानाने त्या पानाची चित्रे काढत राहतो. पहिल्या आठवड्यात माझ्या कार्डावर जवळजवळ सगळी केळीची पानेच होती.

एक कॅमेरा खुराड्याजवळच्या खांबावर आणि दुसरा बांधावर होता. बांधावरचा कॅमेरा पलीकडच्या तिवराच्या खोडाला बांधावा, म्हणजे शेताकडे तोंड करून आलेला प्राणी समोरून मिळेल, असे नातवाचे मत होते. मी ते मानले नाही. बांधापर्यंतची जमीन कुटुंबाची आहे; पलीकडचे कांदळवन तसे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर राज्यातील कांदळवनांना संरक्षण मिळाले, २०१२ मध्ये वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला, आणि अशा जागी उपकरण बांधायचे तर परवानगी घेऊनच बांधायला हवे. म्हणून बांबूचा खुंट आमच्या बाजूला रोवला आणि कॅमेऱ्याचे तोंड बांधाच्या लांबीला धरून उत्तरेकडे ठेवले, म्हणजे सकाळचा पूर्वेचा सूर्य थेट भिंगात येणार नाही.

नऊ दिवसांत भारद्वाज, ढोकरी, एक उदमांजर, शेजाऱ्यांचा कुत्रा आणि उघाडीवर बसून चिलीम ओढणारे एक ओळखीचे गृहस्थ मिळाले. (त्यांचे चित्र त्यांच्यासमोरच पुसले. शेतात लावलेल्या कॅमेऱ्यात माणसेही येतात, आणि पहाटेच्या वेळी बांधाकडे कोण कशासाठी जाते, ही चित्रात साठवण्याची गोष्ट नव्हे.) कोल्हा मात्र आला नाही.

आतडी

दहाव्या दिवशी नातवाने कोंबडीच्या दुकानातून पोटे-आतडी आणली आणि ती वाफ्यांच्या कडेला ठेवायचे सुचवले. कल्पना त्याची असली, तरी जागा मी निवडली. प्रकाश, अंतर, मागची मोकळी बाजू, सगळे पाहून निवडली. तिसऱ्या रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी कोल्हा आला. चित्रे उत्तम होती. कान ताठ, पुढचा डावा पाय किंचित उचललेला, शेपटीच्या टोकाचा काळा झुबका स्पष्ट. तीनही पिढ्यांनी ती मोबाइलवर मोठी करकरून पाहिली आणि मी आणखी आठवडाभर आतडी ठेवू दिली.

पुढे जे झाले ते चित्रांखालच्या वेळेतच लिहिलेले होते; मी मात्र त्या आठवड्यात चित्रेच पाहत होतो. बारा, मग साडेदहा, मग पावणेनऊ, मग साडेसात: कोल्ह्याची वेळ रोज अलीकडे सरकत होती. सहाव्या रात्री दोन कोल्हे आले. पहिल्या सात कोंबड्या कोणी नेल्या हे कोणीच पाहिले नव्हते. आठवी मात्र दिवेलागणीला, खुराड्यापासून दहा पावलांवर, वहिनींच्या डोळ्यांदेखत गेली.

त्याच आठवड्यात नातवाने एक चित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवले आणि खाली गावाचे नाव लिहिले. रविवारी पहिल्याच होडीने लांब भिंगे घेऊन पाच-सहा माणसे आली. ती भांडखोर नव्हती, पण वाफा आणि पायवाट यांतला फरक त्यांना कळत नव्हता, आणि पालकाचा एक अख्खा वाफा चिखलात गेला. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी तुडवलेला पालक उपटून म्हशीला घातला.

या टप्प्यावर मी कॅमेरे उतरवले. कारणे तीन होती, आणि त्यांतले पहिले मला आधीच माहीत असायला हवे होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तीत मारणे, विष घालणे, पकडणे यांच्याबरोबर वन्यप्राण्याला आमिष दाखवणेही येते, आणि तसा प्रयत्न करणेसुद्धा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सोनेरी कोल्हा पहिल्या अनुसूचीत आहे. हातात बंदूक असो वा कॅमेरा, व्याख्येतील हा शब्द त्यामुळे बदलत नाही. ‘आपल्याच वाफ्यात आपलीच आतडी’ या समजुतीवर शेतकरी आणि छायाचित्रकार दोघेही निर्धास्त असतात, आणि हौशी छायाचित्रकारांच्या गप्पांत या कलमाचा उल्लेख मी कधी ऐकलेला नाही.

दुसरे कारण रेबीजचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागात मेलेल्या कोल्ह्यांच्या तपासणीत रेबीज आढळल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि त्या गोराईतही सर्वांनी वाचल्या होत्या. निरोगी कोल्हा माणसाला टाळतो. दिवसाउजेडी न घाबरता अंगणात येणारा कोल्हा लोकांना पिसाळलेला वाटतो, आणि तो तसा नसेलच असे खात्रीने सांगता येत नाही. आम्ही आतडी ठेवून नेमका त्याचा बुजरेपणा घालवत होतो. दिवेलागणीला अंगणात आलेल्या त्या कोल्ह्यामागे शेजारचे दोघे काठ्या घेऊन धावले, यात त्यांची चूक मी काढू शकत नाही. घरात एवढे ठरले की यापुढे असा प्राणी दिसला तर हाकलायला न जाता मुलांना आणि कुत्र्यांना आत घ्यायचे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे.

तिसरे कारण साधे होते. वाडी माझी नव्हती, आणि कोंबडी व पालक दोन्ही गेले होते.

आजींचा हिशेब

कॅमेरे उतरवल्यावर महिनाभर काहीच लावले नाही. आतडी ठेवलेली जागा खणून माती पालटली. खुराड्याला खालून फरश्या बसवल्या, बाजूची जाळी बदलून बारीक भोकांची लावली, आणि दिवे लागायच्या आधी दार बंद करायचे ठरले. कोल्हा चार-पाच रात्री जुन्या वेळी आला असावा, कारण ओल्या वाफ्यांत पावले उमटलेली दिसत; नंतर तीही दिसेनाशी झाली.

या रिकाम्या दिवसांत एकदा मी आजींजवळ, पहिल्या नऊ दिवसांत कोल्हा का आला नसेल, असा विषय काढला. आजी माठाच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी विचारले, “तू कॅमेरे लावलेस कधी?” मी तिथी सांगितली. हातातली जुडी न सोडता त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजले आणि म्हणाल्या, “मग भांगाचेच दिवस होते की ते. पाणी बांधाला लागलंच नसेल. तिवरात कोरडी जागा असताना तो कशाला येईल बांधावर?”

आजींनी चाळीस वर्षे भाजीची पाटी घेऊन होडीने बोरिवली गाठली आहे, आणि होडी लागण्याची वेळ पाण्यावर ठरते. खाडीकाठाला सर्वांना पाठ असलेला हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास; पौर्णिमेला सव्वाअकरा; वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे, म्हणून द्वितीयेला दीड. दिवसातून भरती दोनदा येते आणि रोज पाऊण तासाने पुढे जाते. वेळेइतकेच महत्त्व पाण्याच्या उंचीला आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि पाणी तिवरांतून बांधाच्या पायथ्याला येऊन भिडते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो आणि पाणी तितके चढत नाही. हे दोन्ही एकत्र ठेवले की गोराईच्या बांधावरचे वेळापत्रक तयार होते. उधाणाची भरती येथे नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास पडते, म्हणजे तिवरातील प्राण्याला कोरड्या जागेसाठी बांधावर यावे लागते ते रात्री अकरा ते दोनच्या दरम्यान. पहाटे सहाच्या सुमारास त्याच दिवशी पूर्ण ओहोटी असते आणि उघड्या पडलेल्या चिखलात खेकडे वेचायला तो खाली उतरतो.

मी कॅमेरे चतुर्थीला लावून द्वादशीला कंटाळलो होतो. मधला सगळा काळ भांगाचा. आतडी ठेवल्यावर ‘तिसऱ्या रात्री’ कोल्हा आला ती रात्र पौर्णिमेची होती आणि वेळ पूर्ण भरतीची. आतडी नसती तरी तो त्या रात्री बांधापर्यंत आला असता. आमिषाने त्याला फक्त बांधावरून पुढे, खुराड्यापर्यंत आणले. माझ्या वहीत या दोन नोंदी आधीपासून समोरासमोरच्या पानांवर होत्या; तिथी आणि वेळ एका ओळीत लिहिण्याची बुद्धी मला झाली नाही.

दुसरी मांडणी

मार्गशीर्षाच्या अखेरीस कॅमेरे पुन्हा लागले. या वेळी आधी चौघांनी आणि मी एकत्र बसून वहीच्या पानावर काही गोष्टी लिहून सह्या केल्या: खायला काही ठेवायचे नाही, कार्ड दादांच्या समोर उघडायचे, प्रत्येक चित्रातील जागेची नोंद मोबाइल किंवा कॅमेऱ्यातून पुसल्याशिवाय ते बाहेर जायचे नाही, आणि चित्र बाहेर द्यायचे की नाही हे वहिनी ठरवतील, कारण नुकसान झाले ते त्यांच्या वाफ्याचे. हा कागद बनवायला वीस मिनिटे लागली. पहिल्या दिवशीच बनवला असता तर बरे झाले असते.

बांधावरचा कॅमेरा उघाडीजवळ, जमिनीपासून वीतभर-दीड वीत उंचीवर, बांधाच्या वाटेशी तिरका लावला. काटकोनात लावला की संवेदक जागा होऊन चित्र निघेपर्यंत प्राणी पुढे जातो आणि हाती फक्त शेपटी लागते. आधीच्या कॅमेऱ्याचा अवरक्त दिवा ८५० नॅनोमीटरचा होता. त्याची मंद लाल ठिणगी प्राण्याला दिसते, आणि कोल्हा प्रत्येक चित्रात कॅमेऱ्याकडेच पाहत होता. या वेळी ९४० नॅनोमीटरचा घेतला. त्याचा उजेड कमी अंतरापर्यंत पोचतो, चित्रे जरा दाणेदार येतात, पण प्राणी आपल्या वाटेने चालत राहतो. खाऱ्या हवेत बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि आतल्या ओलीने भिंग धुरकटते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या दर पंधरवड्याला बदलल्या. मुंग्यांनी एकदा कॅमेऱ्याच्या पाठीत अंडी घातली. त्या आठवड्याची चित्रे गेली.

खुराड्याजवळच्या कॅमेऱ्याने मूळ प्रश्नाचे उत्तर पाचव्या दिवशी दिले, आणि तेही दुपारी सव्वादोनला. मुंगूस. चार दिवसांनी पुन्हा तोच, तोंडात अर्धवट वाढलेली तलंग घेऊन चिकूच्या बुंध्यामागे जाताना. घरातली माणसे जेवून आडवी झालेली असतात, खुराड्याचे दार कोंबड्यांसाठी उघडे असते, आणि रात्रीच्या बंदोबस्ताचा अशा वेळी उपयोग नसतो. यावरून आधीच्या सातही मुंगसाने नेल्या असे सिद्ध होत नाही. एक नेली एवढे चित्रात आहे. दादांनी अर्जाचा विषय पुन्हा काढला नाही आणि दुपारी खुराड्यापुढे जाळीचे आवार केले.

पौष पौर्णिमेच्या पहाटे मी स्वतः बांधाच्या अलीकडे, वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या आडोशाला, चारशे मिलिमीटरचे भिंग घेऊन बसलो. पाणी पूर्ण उतरले होते. मावळतीचा चंद्र माझ्या पाठीशी पश्चिमेला होता आणि त्याचा उजेड समोरच्या चिखलावर पडत होता. साडेसहाला कोल्हा तिवरांतून निघाला, थांबला, पुढच्या पायाने बीळ उकरले, मान तिरकी करून खेकडा दाढेखाली फोडला. मागे बोरिवलीचे दिवे होते. ज्या चित्रासाठी मी या वाडीत आलो ते मला मिळाले. ते कोठेही प्रसिद्ध झालेले नाही आणि होणार नाही, कारण इमारतींच्या रांगेवरून जागा ओळखायला बोरिवलीत राहणाऱ्या कोणालाही दोन मिनिटे पुरतील. वहिनींनी ते पाहिले, छान आहे म्हणाल्या, आणि नको म्हणाल्या.

कुटुंबाने ठेवून घेतलेले चित्र दुसरेच आहे. दोन रात्रींनी, वद्य द्वितीयेला, एक वाजून बावीस मिनिटांनी उघाडीजवळच्या कॅमेऱ्याने ते घेतले. भरती पूर्ण होती. कोल्हा बांधावरून डावीकडे जातो आहे, हालचालीमुळे त्याचे मागचे पाय पुसट झाले आहेत, आणि तोंडात घूस आहे, चांगली मोठी. स्पर्धेला पाठवण्याच्या लायकीचे ते नाही. मी दादांना कोल्ह्याने घूस मारल्याचे दाखवत होतो. घूस भाताची नासाडी करते हे त्यांना माझ्याहून अधिक माहीत आहे, आणि त्यांनी नुसती मान हलवली. मग त्यांनी चित्र बोटांनी मोठे केले आणि कोल्ह्याच्या मागे, बांधाच्या खाडीकडच्या उतारावर, पाण्याच्या रेषेच्या जेमतेम वर असलेला काळा ठिपका दाखवला. ते घुशीचे बीळ होते. अशा बिळातून उधाणाचे पाणी झिरपायला लागते, माती सुटत जाते आणि एखाद्या रात्री बांधाला खांड पडते. एकदा खारे पाणी शेतात बसले की पुढच्या पावसांनी मीठ धुऊन निघेपर्यंत भाताला ती जमीन नाही. बांधाच्या त्या अंगाला तिवरे दाट असल्यामुळे येता-जाता ते बीळ कोणाला दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला दादा आणि नातू उतरले, बीळ आतपर्यंत खणून काढले, दगड आणि चिखल ठासून बुजवले, वर गवताची ढेकळे बसवली. अमावस्येच्या उधाणाला तेरा दिवस होते. ते पाणी बांधाला लागून परत गेले.

फाल्गुनात बांधावरचा कॅमेरा काढला. या काळात कोल्हीला पिल्ले होण्याची शक्यता असते, बांधाच्या मातीत बीळ असू शकते, आणि कार्ड बदलण्यासाठीची माझी ये-जा तिला नको. खुराड्याजवळचा कॅमेरा अजून आहे. घुशीच्या चित्राची एक प्रत दादांनी बोरिवलीहून छापून आणली. ती भिंतीवर लावलेली नाही. फावडे आणि उघाडीची जादा फळी ठेवतात त्या पडवीत, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पेनाने केलेला गोल बिळाभोवती आहे, आणि कोल्हा त्या गोलाच्या बाहेर राहिला आहे.